चित्रपट समीक्षा शिकायची आहे? एका प्रसंगापासून सुरुवात करा

‘चित्रपटावर लिहायचंय, पण आवडला किंवा नाही आवडला याच्या पुढे काय लिहायचं तेच सुचत नाही.’ हे ज्यांना लागू पडतं त्यांच्यासाठी हा लेख आहे.

या वाटेला लागलेले बहुतेक जण आधी यादी मागतात: जगातले शंभर श्रेष्ठ चित्रपट कोणते? यादी मिळते, वीस-पंचवीस चित्रपट बघून होतात आणि लिहिणं तिथेच राहतं. शंभर चित्रपट एकेकदा बघण्यापेक्षा एकच चित्रपट तीन-चार वेळा बघा आणि त्यातला तीन-चार मिनिटांचा एक प्रसंग उलगडून बघा, हे माझं अनुभवाने बनलेलं मत. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत. उदाहरणांसाठी मुख्यतः नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ घेतलाय, अधूनमधून ‘कोर्ट’, ‘सैराट’ आणि ‘पथेर पांचाली’. शेवट उघड होणार आहेत. पाहिले नसतील तर आधी बघून या, लेख कुठे पळून जात नाही.

जवळ काय हवं

- चित्रपटाची अधिकृत, पूर्ण चौकटीची प्रत: ओटीटीवर, डीव्हीडीवर किंवा विकत घेतलेली
- साधे पण नीट बसणारे हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर अर्धा चित्रपट ऐकूच येत नाही
- वही आणि पेन्सिल
- लॅपटॉप. स्वतःची डीव्हीडी किंवा फाइल असेल तर व्हीएलसी प्लेअर. त्यात ‘ई’ ही कळ दाबली की चित्र एकेक फ्रेमने पुढे सरकतं

टीव्हीवर बघणार असाल तर दोन सेटिंग आधी तपासा. एक म्हणजे मोशन स्मूदिंग. कंपनीगणिक त्याचं नाव बदलतं, पण काम एकच: सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटात मधल्या बनावट फ्रेम घालून तो मालिकेसारखा गुळगुळीत करणं. ते बंद करा. दुसरं म्हणजे झूम. वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या खटकतात म्हणून घरातलं कुणीतरी चित्र ताणून ठेवलेलं असतं आणि चौकटीच्या कडेला उभा असलेला माणूस त्यात कापला जातो. यूट्यूबवरच्या जुन्या मराठी चित्रपटांच्या कित्येक प्रती अशाच कापलेल्या असतात. अशी प्रत बघून छायाचित्रणावर मत देऊ नका.

१. चित्रपट निवडताना

तुम्हाला आवडलेला, पण का आवडला ते धड सांगता न येणारा चित्रपट निवडा. ज्याला सगळे श्रेष्ठ म्हणतात पण तुम्हाला कंटाळा आला, तो नंतरसाठी ठेवा. आणि सुरुवात स्वतःच्या भाषेतल्या चित्रपटाने करा, म्हणजे सबटायटलवर डोळे अडकत नाहीत. बोलीतला फरक, घरातली भांडी, भिंतीवरचं कॅलेंडर, कोण कुणाला ‘तू’ म्हणतं आणि कोण ‘तुम्ही’, हे आपल्याला न सांगता कळतं. इतकं फुकटचं भांडवल परभाषेच्या चित्रपटात मिळत नाही.

२. पहिल्यांदा बघताना वही बंद

पहिला प्रयोग निव्वळ प्रेक्षक म्हणून. मध्ये थांबवायचं नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. संपल्यावर त्याच रात्री अर्ध्या पानात जे आठवतंय ते उतरवा: कुठे हसू आलं, कुठे अस्वस्थ वाटलं, कुठे लक्ष उडालं. इंटरनेटवर बाकीच्यांनी काय म्हटलंय ते अजिबात बघू नका. एकदा दुसऱ्याचं मत वाचलं की आपलं पहिलं मत परत सापडत नाही. पुढचा सगळा तपास या अर्ध्या पानातून निघतो, कारण भावना कुठे हलल्या ते तुम्हाला माहीत असतं आणि त्या कशाने हलवल्या एवढंच शोधायचं उरतं.

३. प्रसंग निवडा आणि शॉट मोजा

त्या अर्ध्या पानातली एक जागा निवडा. तीन ते पाच मिनिटांचा प्रसंग पुरे. तो पुन्हा लावा आणि प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो तिथे, थांबवा. वहीत पाच रकाने आखा: शॉट क्रमांक, किती सेकंद, चौकटीत कोण आणि काय, कॅमेरा कुठे आहे आणि हलतो का, काय ऐकू येतं.

काम कंटाळवाणं आहे, पण याला पळवाट नाही. तासभर हे केल्यावर जे दिसायला लागतं ते दहा पुस्तकं वाचून दिसत नाही.

तांत्रिक शब्द सुरुवातीला मोजकेच पुरतात. लाँग शॉटमध्ये माणूस आणि त्याचा परिसर, मिड शॉटमध्ये साधारण कमरेपासून वर, क्लोज-अपमध्ये चेहरा किंवा एखादी वस्तू. कॅमेरा जागेवरच मान वळवतो तो पॅन, कॅमेराच उठून चालायला लागतो तो ट्रॅक. नवखे लोक ट्रॅक आणि झूम यांच्यात हमखास गल्लत करतात. ओळखायची खूण सोपी आहे: झूममध्ये सगळं चित्र एकसारखं मोठं होतं, ट्रॅकमध्ये जवळच्या वस्तू झपाट्याने बाजूला सरकतात आणि लांबच्या हळू. एवढं कळलं की पुढचे शब्द गरजेप्रमाणे येतात. ‘मिझ-ऑन-सेन’ वगैरे पहिल्याच लेखात वापरायची घाई नको. चौकटीत काय मांडलंय ते सरळ मराठीत सांगता येतं.

रकाने भरून झाले की सेकंदांची बेरीज करून शॉटच्या संख्येने भागा. १८० सेकंदांत ४५ शॉट असतील तर सरासरी ४ सेकंद. हा आकडा स्वतः काहीच सिद्ध करत नाही. पण त्याच चित्रपटातला दुसरा प्रसंग मोजलात आणि तिथे सरासरी २० सेकंद आली, तर लिहिण्याजोगा प्रश्न हाती लागतो: दिग्दर्शकाने इथे घाई का केली, आणि तिथे थांबला का?

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) घेतलात तर हा तक्ता पटापट भरेल, कारण शॉट लांब आहेत आणि कॅमेरा बहुतेक वेळ लांब उभा राहून नुसता बघत असतो. तिथे सहावा रकाना आखा: मुख्य पात्र बोलत असताना उरलेल्या चौकटीत काय चाललंय? कोर्टात कोण ताटकळतंय, कोण कागद चाळतंय, कुणाचं कुणाकडे लक्षच नाही. क्लोज-अप असता तर यातलं काही दिसलं नसतं आणि आपण एका माणसाच्या बाजूने झालो असतो.

४. आधी आवाज बंद, मग चित्र बंद

तोच प्रसंग आवाज पूर्ण बंद करून बघा.

मराठी प्रेक्षकाला याची गरज जास्त आहे, असं मला वाटतं. आपण नाटकावर वाढलेली माणसं. आपला कान तयार असतो, डोळा तितका नसतो. चित्रपटातून बाहेर पडताना आपण वाक्यं घेऊन येतो, चौकटी नाही. एखाद्या चित्रपटाचे संवाद चुरचुरीत असले की तो चांगला, हा हिशेब त्यातूनच आलाय. आवाज बंद केल्यावर प्रसंग निम्म्याहून जास्त कळला तर कॅमेरा काम करतोय. नुसती माणसं सोफ्यावर बसून तोंडं हलवताना दिसली तर तेही लिहून ठेवा.

मग उलट करा: डोळे मिटून नुसतं ऐका. संवाद, पार्श्वसंगीत आणि जागेचे आवाज वेगवेगळे ओळखा. पार्श्वसंगीत नेमकं कुठे सुरू होतं? पात्राला रडू येण्याच्या आधीच व्हायोलिन सुरू झालं असेल, तर तुम्हाला रडायचा आदेश मिळालेला आहे.

‘पथेर पांचाली’त (१९५५) सत्यजित राय यांनी काय केलंय ते बघा. हरिहर बऱ्याच काळाने घरी येतो. मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. तो पिशवीतून एकेक वस्तू काढतो आणि शेवटी तिच्यासाठी आणलेली साडी बायकोच्या, सर्वजयाच्या हातात देतो. ती कोसळते, तोंड उघडतं, पण तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येतच नाही. त्या जागी तारशहनाई हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजतं. संगीत रविशंकर यांचं. संगीत इथे रडण्याच्या मागे वाजत नाही, रडण्याची जागाच घेतं. ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी उलटी वाट आहे: लहान मूल रक्ताळलेल्या पावलांनी चालतं आणि आवाजच काढून घेतलाय. जवळजवळ तीन तासांत अवघ्या महाराष्ट्राला नाचवणाऱ्या चित्रपटाने शेवटी गप्प बसणं, यावर एक स्वतंत्र लेख होईल.

५. कट कुठे पडतो ते बघा

१९२० च्या आसपास रशियात लेव कुलेशोव यांनी केलेला प्रयोग प्रत्येक अभ्यासक्रमात सांगतात. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या ताटलीला, एकदा शवपेटीला, एकदा एका तरुणीला जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक, दुःख, अभिलाषा असं वेगवेगळं दिसलं. याचा तुमच्या लेखाशी थेट संबंध आहे. ‘नुसत्या नजरेने केलेला अभिनय’ असं लिहिण्याआधी तपासा, त्या नजरेनंतर काय दाखवलंय? श्रेयाचा काही वाटा संकलकाचा निघू शकतो.

शेवट तपासायची एक युक्ती: शेवटचा प्रसंग मनातल्या मनात काढून टाका. ‘कोर्ट’मध्ये सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे बंद होतात, पडदा काळा होतो. चित्रपट तिथेच संपवता आला असता आणि आपण भारावून उठलो असतो. पण तो पुढे न्यायाधीशांच्या सहलीला जातो. ते बाकावर डुलकी काढतात, मुलं ओरडून उठवतात, ते एकाला थप्पड मारतात. हा तुकडा नसता तर काय हरवलं असतं? याचं उत्तर दहा ओळींत लिहा. उत्तर ‘काहीच नाही’ असंही येऊ शकतं, फक्त ते पटवून देता आलं पाहिजे.

६. निरीक्षणाकडून मताकडे

लिहिणारे सगळ्यात जास्त इथे घसरतात, म्हणून जरा सावकाश.

‘फँड्री’तला प्रसंग सगळ्यांना आठवतो. शाळकरी मुलगा जब्या आणि त्याचं कुटुंब शाळेजवळ डुक्कर पकडतंय. डुकरामागे धावाधाव चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर निसटतं.

यावर नेहमी येणारं वाक्य असं: ‘राष्ट्रगीताचा प्रसंग अंगावर काटा आणतो. दिग्दर्शकाने व्यवस्थेवर जळजळीत भाष्य केलं आहे.’ वाक्य खोटं नाही. पण ते चित्रपट न बघताही लिहिता आलं असतं.

आता दोन कप्पे करा. पहिल्यात फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं: आवाज शाळेतून येतो, म्हणजे तो कथेतलाच आवाज आहे, वरून चढवलेलं पार्श्वसंगीत नाही. तो ऐकून माणसं थांबतात, जनावर थांबत नाही. ज्या कामासाठी गाव यांना हिणवतं तेच काम चालू असताना यांनी मान राखला, आणि त्यामुळे तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्या कप्प्यात तुमचा अर्थ. मी असा लिहीन: ‘सन्मान देण्याची सक्ती सगळ्यांना सारखी आहे, मिळण्याची नाही, आणि हे सांगायला चित्रपटाला एकही संवाद लागत नाही.’

तुमचा अर्थ वेगळा असेल. कुणी म्हणेल, हा प्रसंग आधी विनोदी आहे, थिएटरात लोक हसतात आणि हसल्याचीच लाज वाटते. तेही चालेल, कारण पहिल्या कप्प्यातल्या गोष्टी दोघांनाही मान्य आहेत. वाद अर्थावर व्हावा, काय दिसलं यावर नव्हे.

मग हा प्रसंग उरलेल्या चित्रपटाशी जोडा. थोड्याच वेळात डुक्कर काठीला बांधून खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर आणि इतर समाजसुधारकांची चित्रं दिसतात. पुन्हा तेच: आवाजाऐवजी आता चित्र, आणि पुन्हा पात्रं त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. इथवरचे प्रसंग आपण खुर्चीत बसून बघितले. दगड आला तो बघणाऱ्यावर. तीन जागांमधून असा एक धागा सापडला की लेखाचा कणा मिळाला.

७. आता लिहा

आधी ठरवा, कुणासाठी लिहिताय. शुक्रवारी प्रदर्शित झालेला चित्रपट बघावा का, हे विचारणाऱ्यासाठी लिहिताना उत्तरार्धातलं काही उघड करायचं नाही आणि सहाशे शब्दांत आटपायचं. बघून झालेल्या वाचकासाठी लिहिताना शेवटासकट सगळं खुलं असतं. दोन्ही एकाच लेखात कोंबले की पहिला वाचक चिडतो आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही.

नेहमीचे सापळे:

*गोष्ट सांगत बसणं.* निम्मा लेख कथेत जातो आणि मग उरलेल्या जागेत अभिनय, संगीत, छायाचित्रण यांना एकेक ओळ वाटली जाते. कथा चार-पाच वाक्यांत संपवा.

*हजेरी लावणं.* प्रत्येक विभागाला गुण दिलेच पाहिजेत असा नियम नाही. या चित्रपटात ध्वनी महत्त्वाचा असेल तर वेशभूषेबद्दल काहीही लिहू नका.

*तयार वाक्यं.* माझ्याकडे याची काळी यादी आहे: ‘भूमिकेला न्याय दिला आहे’, ‘संगीत श्रवणीय’, ‘छायाचित्रण नेत्रसुखद’, ‘प्रेक्षकांना खिळवून ठेवतो’, ‘पटकथेवर आणखी काम व्हायला हवं होतं’, ‘चित्रपटाचा आत्मा हरवला आहे’. खरडा झाला की ही शोधून काढा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: नेमकं कुठे, कोणत्या प्रसंगात? उत्तर नसेल तर वाक्य उडवा. ‘नेत्रसुखद’वर तर खास राग आहे. कोकणातल्या पावसाचा ड्रोनवरून घेतलेला शॉट नेत्रसुखदच असतो. तो त्या कथेत काय करतोय, हा प्रश्न.

*विषयाला गुण देणं.* शेतकरी, अपंग मूल, वृद्ध आईवडील असा विषय असला की हात आखडतो. विषय थोर आणि चित्रपट ढिसाळ असू शकतो. ‘मराठी चित्रपटाला आधीच थिएटर मिळत नाहीत, त्यात टीका कशाला’ हा युक्तिवादही ऐकायला मिळेल. खेळ मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर वेगळा लेख लिहा. वाचकाने तिकिटाचे पैसे तुमच्या शब्दावर खर्च करायचे आहेत.

*कादंबरीत असं नव्हतं.* नसेलच. बदलाने काय साधलं किंवा बिघडलं ते लिहा.

८. चार जणांत बसून बघा

एकट्याच्या अभ्यासाला मर्यादा आहे. आपल्याला न दिसलेली गोष्ट शेजारच्याला दिसते, आणि मतभेद झाल्यावरच आपलं मत किती कच्चं होतं ते कळतं.

मुंबईत १९६८ पासून चालू असलेलं प्रभात चित्र मंडळ आहे, त्यांचं ‘वास्तव रूपवाणी’ हे चित्रपटविषयक नियतकालिकही मराठीत आहे. पुण्यात आशय फिल्म क्लब. पुण्याच्याच लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६४ मध्ये स्थापन झालेलं आणि पी. के. नायर यांनी उभं केलेलं. आता ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) अखत्यारीत आहे. पिढ्यान् पिढ्या समीक्षक घडवणारा चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम हे संग्रहालय आणि जवळचीच फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट (एफटीआयआय) यांनी मिळून वर्षानुवर्षं चालवला. तो उभा करण्यात प्रा. सतीश बहादूर यांचा मोठा वाटा. एफटीआयआय इतरही छोटे अभ्यासक्रम घेते. अर्ज करण्याआधी त्या त्या वेळची जाहिरात शेवटपर्यंत वाचा: शुल्क, भाषा, राहण्याची सोय आणि कोणती कागदपत्रं लागतील हे त्यातच असतं. ओळखपत्र, फोटो आणि शिक्षणाच्या प्रमाणपत्रांच्या स्कॅन प्रती एका फोल्डरमध्ये तयार ठेवल्यात तर शेवटच्या दिवशी धावपळ होत नाही.

महोत्सव म्हणाल तर पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पिफ आणि २००४ पासून गोव्यात भरणारा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव इफ्फी. पहिल्यांदा जाणारे दिवसाला पाच चित्रपट बघतात आणि तिसऱ्या दिवशी कुठला प्रसंग कुठल्या चित्रपटातला ते त्यांना सांगता येत नाही. दिवसाला तीनच्या वर जाऊ नका, आणि दोन चित्रपटांमध्ये वही उघडण्याइतका वेळ ठेवा. शिवाय पास म्हणजे खुर्ची नव्हे. गाजलेल्या चित्रपटाला लवकर पोचा.

छोट्या गावात यातलं काहीच नसेल तर चार मित्र, एक मोठा टीव्ही आणि महिन्यातला एक ठरलेला रविवार एवढंही चालतं. वाचायला एकच पुस्तक मागितलंत तर अरुण खोपकर यांचं ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ सांगेन. याला चित्रपटविषयक सर्वोत्तम पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, पण सांगायचं कारण वेगळं: प्रकाश, चौकट, गाणं यांबद्दल मराठीत किती नेमकं लिहिता येतं ते त्यात दिसतं.

९. प्रसिद्ध करण्याआधी

टिपणासाठी म्हणून थिएटरात पडद्याचं चित्रीकरण करू नका, दहा सेकंदांचंही नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात अनधिकृत चित्रीकरणासाठी तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. अंधारात लिहायला पेन्सिलच बरी; अक्षर गिचमिड येतं, पण घरी लावता येतं.

स्वतःच्या लेखात किंवा व्हिडिओत चित्रपटाचा तुकडा वापरायचा असेल तर कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा आहे. तरीही यूट्यूबची यंत्रणा आधी अडवते आणि नंतर ऐकून घेते. म्हणून तुकडा छोटा ठेवा, त्यावर तुमचं बोलणं असू द्या आणि शक्यतो गाण्याला हात लावू नका.

शेवटी नावं तपासा. दिग्दर्शक आणि नटांची नावं सगळे बरोबर लिहितात; संकलक, ध्वनी आरेखक, छायाचित्रकार यांची चुकतात किंवा गाळली जातात. ती श्रेयनामावलीतून उतरवून घ्या. ओटीटीवर नेमकी तेव्हाच पुढच्या चित्रपटाची जाहिरात उसळते आणि नावं कोपऱ्यात आक्रसतात, तेव्हा ‘श्रेयनामावली बघा’ या बटणापाशी रिमोट धरूनच बसा.